बिनठशाची रोटी

फेस शहराच्या जुन्या भागातल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून लादलेलं खेचर आलं तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. अशाच एका गल्लीच्या वळणावर मोहल्ल्याची सामाईक भट्टी आहे. घरोघरच्या बायका पीठ मळतात, जाड गोल रोट्यांवर आपापल्या घरचा लाकडी ठसा उमटवतात आणि भाजायला इथे पाठवतात. भट्टीच्या दाराशी एक कोनाडा आहे. त्यातल्या रोट्यांवर मात्र ठसा नसतो. पाहुण्यांना गल्ल्या दाखवणारे म्हातारे हाज अब्बास इथे हटकून थांबतात, गरम भिंतीवर तळवा ठेवतात आणि सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. डोंगरातून इत्तो नावाची एक विधवा तान्ही लेक घेऊन इथे आली. पाठीवर हातमागाच्या देवदारी तुळया, एवढाच काय तो संसार. लेक थंडीनं काळीनिळी पडली होती. भट्टीवाल्या दहमाननं नावगाव काही विचारलं नाही. भट्टीच्या भिंतीला लागून असलेली खोली उघडून दिली. त्या भिंतीच्या उबेनं पोर हळूहळू हातपाय हलवू लागली आणि मग तिनं असं भोकाड पसरलं, की इत्तो आनंदानं तिच्याबरोबर रडली.

त्याच हिवाळ्यात पावसानं ठाण मांडलं. सणाच्या आदल्या दिवशी जरा ऊन पडलं आणि सगळा मोहल्ला फसला. आता लाकडं लादलेली खेचरं येणारच, या भरवशावर बायकांनी उरलंसुरलं पीठ मळून टाकलं. दुपारी बातमी आली, पूल वाहून गेला. भिजवलेलं पीठ काही परत पोत्यात जात नाही. कणीक फुगून वर येत होती, मुलं भुकेली होती आणि भट्टीत ओल्या लाकडांचा नुसता धूर.

कोरडं लाकूड मोहल्ल्यात एकच उरलं होतं, भट्टीच्या भिंतीला टेकलेलं. माग गेला तर पोट कशावर भरायचं, हे इत्तोला कळत नव्हतं असं नाही. तिनं भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गार होत चालली होती. तिनं तुळया उचलल्या.

"ए बाई, खुळी झालीस का?" दहमान ओरडला. "उद्या काय विणशील?"

"ह्या भिंतीनं माझी लेक राखली," ती म्हणाली. "तिला मी गार कशी पडू देऊ?"

देवदार भडाडून पेटला. घरोघरच्या रोट्या आत गेल्या. इत्तोची सगळ्यांत शेवटी गेली, म्हणून भट्टीच्या तोंडाशी राहिली आणि सगळ्यांत आधी बाहेर आली. तिच्यावर ठसा नव्हता. ठसा घरांना असतो. ही पडली परकी. दहमाननं ती रोटी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"घ्या, लल्ला," तो म्हणाला. मानाच्या बायकांनाच तिथे लल्ला म्हणतात. "आजपासून बिनठशाची रोटी परक्याची. आणि ती आधी निघेल."

पुढे पूल झाल्यावर घरटी एकेक लाकूड जमलं आणि इत्तोला नवा माग मिळाला. पण त्यानं तिचे उपकार फिटले, असं मोहल्ल्यात कुणी म्हणत नाही. ते फेडायचे नव्हतेच, असं सांगतात.

आजही तिथे घरोघर एक रोटी ठशाविना ठेवतात. गोष्ट संपली, की हाज अब्बास कोनाड्यातली एक उचलून पाहुण्यांपुढे धरतात. कुणी संकोचून, ही कुणाची, असं विचारलंच, तर ते ती उलटीपालटी करून दाखवतात.

"ठसा दिसतोय का कुठे? मग तुमचीच."