बेहड्याच्या ढोलीतली कुसरी

फार जुन्या काळी सह्याद्रीच्या रानात, बेहड्याच्या ढोलीत रावळ धनेशाची बायको कुसरी अंडी उबवत बसली होती. धनेशांच्या रीतीप्रमाणे ढोलीचं तोंड तिने लिंपून घेतलं होतं. चोचीपुरती फट तेवढी उरली होती. तिची पिसं झडली होती, त्यामुळे खाणं आणायचं ते रावळनेच.

एका सकाळी ती कडाडली, "आजही कच्चीच उंबरं? तुमच्या जिवावर बसलेय म्हणून काहीही गिळायचं का मी?"

"मग तूच आण जाऊन!" रावळ भडकला आणि पंख फडफडवत निघून गेला.

दुपार कलली तरी तो फिरकला नाही. कुसरीचा राग केव्हाच ओसरला होता, आता ती पानांच्या प्रत्येक सळसळीला कान देत होती. एवढ्यात फांदी हलली! तिने फटीला डोळा लावला. रावळच होता तो! एक पंख लोंबत होता, पण धापा टाकत, फांदीवरून फांदीवर उड्या मारत तो येत होता. घसा फळांनी टम्म फुगला होता!

"गरुडाने झडप घातली गं," तो म्हणाला, "पण पिकलेली मिळाली!" त्याने लालचुटुक उंबर आत सरकवलं.

कुसरीने ते चोचीत धरलं आणि हलकेच परत त्याच्या चोचीत दिलं.

"आधी तुम्ही खा. सकाळपासून उपाशी आहात."