नमुना घराची किल्ली

दोष बिल्डर भाऊसाहेब निंबाळ्यांचाच होता. नव्या बंगल्यांच्या भिंतींवर त्यांनी थर्माकोल चिकटवला आणि वरून गुळगुळीत परदेशी लेप चढवला. खिडक्यांच्या फटींतून शिरलेलं पावसाचं पाणी त्या लेपामागे अडकायचं आणि बाहेर वाट नसल्यामुळे घरात झिरपायचं. त्यातल्याच एका बंगल्यात राहणाऱ्या अनघाच्या तान्ह्या लेकीच्या पाळण्यामागे काळी बुरशी धरली. पोरीची छाती घरघरायला लागली.

सोसायटीच्या बैठकीत भाऊसाहेब गरजले, "भिंत कशी गळेल? तुम्ही गरम पाण्यानं आंघोळी करता, घरात कपडे वाळवता. ओल तुमचीच!"

"बरोबर आहे साहेबांचं," म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बिल्डर दिसला की या लोकांचा कणाच वितळतो. अनघा रडकुंडीला आली.

तेवढ्यात शेजारच्या कुमुदताई उठल्या. "पटलं, भाऊसाहेब. मग गिऱ्हाइकांना दाखवायला याच लेपाचं बांधलेलं तुमचं नमुना घर खडखडीत कोरडं असणार. तेवढं दाखवा, आम्ही गप्प बसतो."

"चला की!" भाऊसाहेबांनी ऐटीत किल्ली काढली. बंगले विकले गेल्यापासून त्या घरात कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

दार उघडलं तसा कुबट वास अंगावर आला. भिंतीला तर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या.

कुमुदताईंनी नाकाला पदर लावला. "अगंबाई! इथं कोण आंघोळ करतं हो, भाऊसाहेब?"

आता भिंती कोरड्या आहेत, पोरगी शांत झोपते. अनघाकडे खीर झाली की पहिली वाटी कुमुदताईंची असते.

सगळ्या सोसायटीसमोर खोटे पडलेल्या भाऊसाहेबांना प्रत्येक बंगल्याचा लेप आणि थर्माकोल खरवडून, पदरच्या पैशानं साधा सिमेंटचा गिलावा करून द्यावा लागला.