रंगारणीची काळी टोपी

फार फार पूर्वी, मिठागरात राबणाऱ्या चांगुणाच्या दंडावर, कातडीच्या अगदी तळमजल्यावर एक रंगारीण राहायची. तिथे जन्मलेल्या प्रत्येक पेशीने वर चढण्याआधी पोटातल्या बियावर, म्हणजे केंद्रकावर, घालायला तिच्याकडून काळ्या रंगाची टोपी घ्यायची, असा रिवाजच होता.

चिंगी नावाच्या पेशीला मात्र भारी घाई! त्यात तिने चांगुणाच्या आत्याचं बोलणं ऐकलेलं. “लग्न तोंडावर आलंय, पोरी. रंग जरा उजळू दे!”

“मला नको तुझं काळं,” चिंगी ठसक्यात म्हणाली.

“अगं, वर ऊन आहे ऊन! पोटातलं बी करपेल तुझं!” रंगारीण ओरडली. पण चिंगी केव्हाच निघाली होती.

ती अर्ध्या वाटेवर पोचते न पोचते, तोच पांढऱ्या मिठावरून उसळलेलं ऊन आत घुसलं. पोटातलं बी चरचरलं. “मेले गं, बाई!” तिने टाहो फोडला.

रंगारणीने आपला लांबलचक हात फटीफटीतून वर सरकवला आणि चिंगीच्या बियावर टोपी चढवली. ते पाहून खाली एकच गिल्ला झाला, “मला दे! आधी मला!” रंगारीण दिवसभर टोप्या वाटत राहिली.

संध्याकाळी चांगुणाचा दंड पाहून आत्याने कपाळावर हात मारला. “अगंबाई, आणखीच काळी झालीस की!”

आत चिंगीने टोपी घट्ट ओढली आणि ठणकावलं, “आत्याबाई, करपली नाही, ते बघा आधी!”