टिटवीची अंडी आणि कोल्होबांची सहावी विद्या

डोंगरातल्या लेण्यांखाली एक रान होते आणि तिथे नदीकाठी एक टिटवी राहत असे. स्वभावाने भारी काळजीखोर! पान हलले तरी ओरडून रान डोक्यावर घ्यायची. पण मुलांनो, तिला तरी बोल कसा लावायचा? आदल्या वर्षी तिची सगळी अंडी कुणीतरी फस्त केली होती. यंदा तिने गोट्यांमध्ये अंडी घातली. गोटा कुठला आणि अंडे कुठले, ते फक्त आईनेच ओळखावे.

त्याच रानात एक कोल्हा होता. एकदा लेण्यात म्हातारे भिक्खू शिष्यांना ज्ञानी पुरुषांच्या सहा विद्या सांगत होते. चमत्कार करणे, दूरचे ऐकणे, दुसऱ्याचे मन ओळखणे, मागचे जन्म आठवणे आणि दिव्यदृष्टीने सारे काही पाहणे. कोल्हा दाराआड बसून ऐकत होता. सहावी विद्या सुरू होणार, तोच बाहेरून खिरीचा वास आला आणि स्वारी उठली. दुसऱ्या दिवशी रानभर बोलबाला झाला, "कोल्होबा ज्ञानी झाले!"

कोल्हा सशाला म्हणाला, "मागच्या जन्मी तू राजा होतास." रानडुकराला म्हणाला, "तू दरबारातली नर्तकी होतीस." ससा कुणाशी बोलेनासा झाला आणि रानडुक्कर करवंदीच्या जाळीत लपून ठुमकायला शिकू लागले. सगळे कोल्होबांना खाऊ आणून देत. भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. कोल्होबा दुपारीही जेवत आणि दुपारनंतरही.

एके दिवशी कोल्हा नदीवर आला. टिटवी हात जोडावेत तसे पंख जुळवून म्हणाली, "महाराज, यंदा तरी माझी अंडी वाचतील ना?"

"वाचतील की! कुठे आहेत तेवढं सांग, मी स्वतः राखण करतो."

टिटवी सांगणारच होती, पण मध्येच थबकली. "महाराज, आपल्याला तर सारं दिसतं. मग मला कशाला विचारता?"

कोल्हा गडबडला. "तुझी श्रद्धा पाहत होतो!" असे म्हणून त्याने डोळे मिटले. त्याचा मागचा पाय अंड्यांना अगदी खेटून होता आणि शेपूट त्यांच्यावरूनच फिरत होते. एरवी पान हलले तरी ओरडणाऱ्या टिटवीने आज मात्र ब्र काढला नाही.

"दिसली!" कोल्हा म्हणाला. "पलीकडे, करवंदीच्या जाळीत!"

"अगदी बरोबर, महाराज!" टिटवी म्हणाली. "आपल्यापासून काय लपणार?"

"राखणीला जातो," असे म्हणत कोल्ह्याने धूम ठोकली आणि थेट जाळीत उडी घेतली, ती नाचणाऱ्या रानडुकराच्या पायावर. मग त्या नर्तकीने आपला सगळा नाच कोल्ह्याच्या पाठीवर केला.

कण्हत, लंगडत कोल्हा परत आला, तेव्हा टिटवी त्याच गोट्यांवर ऐटीत बसली होती आणि म्हातारे भिक्खू पाणी भरत होते. कोल्ह्याकडे पाहून ते हसले. "बाबा रे, आपल्या मनातली हाव संपली की नाही, हे ज्याचं त्याला कळणं, ही सहावी विद्या. ती नसेल, तर पायाशी असलेलंही दिसत नाही."

"मग हे आधी सांगायचं ना!" कोल्हा विव्हळला.

"सांगतच होतो," भिक्खू म्हणाले, "पण तू खिरीला गेलास."

तात्पर्य : ज्याला स्वतःची हाव दिसत नाही, त्याच्या दिव्यदृष्टीवर विसंबू नये.