काजव्यांचे उत्तर

एका राज्यात, जिथे पोपट दरबारात साक्ष देत आणि नद्या राजाज्ञेने वळत, तिथली पाठशाळा मुकी झाली होती.

झाले असे: कालजिव्ह नावाचा मांत्रिक भरदरबारात एका प्रश्नाला चुकला. राजा वीरबाहू हसला, म्हणून दरबारही हसला. मांत्रिकाने शापवाणी उच्चारली, "या राज्यात जे मूल चुकीचे उत्तर बोलेल, त्याचा आवाज माझ्या घागरीत येऊन पडेल." पहिला आवाज गेला तो राजकन्या मंजुघोषेचा. तेव्हापासून प्रश्न कानी पडताच मुले ओठ मिटून घेत.

आचार्या कनकलेखा रोज शिकवी. समोरून हूं की चूं नाही. अखेर तीन डोंगर ओलांडून ती मांत्रिकाच्या गुहेपाशी पोहोचली. दारातल्या पिंपळावर मांत्रिकाची मैना, सारिका, बसली होती.

"सारिके, शाप कसा फिटेल?"

"चुकलेले मूल स्वतःच्या चुकीवर मनमोकळे हसेल तेव्हा. पण भ्यालेले मूल हसत नाही, आचार्ये."

कनकलेखा परतली. तिचा बेत ऐकून राजा म्हणाला, "आणखी एक आवाज गेला, तर तुम्हाला राज्य सोडावे लागेल."

"मान्य आहे, महाराज."

तिने मुलांचे दोन संघ केले, हंस आणि मोर. पहिल्या दिवशी उत्तर टाळ्यांनी द्यायचे, बोलायचे नाही. दुसऱ्या दिवशी खरे वाटले तर आंब्याकडे धावायचे, खोटे वाटले तर चिंचेकडे. मुले धडपडली, भलत्याच झाडाला मिठ्या मारून बसली. मुकी मंजुघोषा मोरांची पुढारी झाली. चुकलेली मुले आता मान खाली घालत नव्हती; हाताने खुणा करून पुढचा प्रश्न मागत होती.

तिसऱ्या दिवशी कनकलेखेने बोलायचा डाव मांडला.

"चंद्राला उजेड कोण देतो?"

हंसांतली सहा वर्षांची रेवा भान विसरून ओरडली, "काजवे!"

सगळे थिजले. रेवाने गळ्याला हात लावला. ओठ हलले, शब्द फुटेना. आपण या लेकराचे वाटोळे केले, असे कनकलेखेला वाटले.

पण रेवाच्या डोळ्यांपुढे लाखो काजवे धापा टाकत आभाळात चढत असावेत. तिचे खांदे हलू लागले. ती पोट धरून हसत होती, आवाजावाचून.

तीन डोंगरांपलीकडे घागर फुटली. सारे आवाज थव्याने परतले आणि आपापल्या गळ्यात जाऊन बसले.

"सूर्य!" मंजुघोषा ओरडली.

तिचा आवाज ऐकून राजा अनवाणी धावत आला. "लेकी, बोल! माझ्याशी बोल!"

"थांबा ना, तात! आमचा डाव अजून संपलेला नाही."

राजा पाठशाळेच्या पायरीवर बसला, आणि डाव संपेपर्यंत तिथून हलला नाही.