तहकूब सभेच्या आदल्या दिवशी

“…मग यात माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा बुवा!”

सर्जेराव धुमाळ मठाच्या ओसरीवर बसला होता खरा, पण त्याचं बूड काही टेकत नव्हतं. गावचा सरपंच तो. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि तो घामानं पाठीला चिकटलेला. ओढ्याकडून मोटारसायकलचा आवाज आला की मान झटकन तिकडं वळायची.

मठ सांभाळणारे गिरबुवा चुलीपुढं भाकरी थापत होते. लहानपणी याच ओसरीवर सर्जेराव त्यांच्यापाशी पाटी घेऊन बसायचा, त्यामुळं बुवा त्याला अजून सर्जाच म्हणत. सरपंच झाल्यापासून ते त्याला खटकायचं. पण बुवांना बोलणार कोण?

“उद्या ग्रामसभा आहे,” सर्जेराव म्हणाला. “पाण्याच्या योजनेचा ठराव झाला, तर घरोघर नळ. नाही झाला, तर पैसा माघारी जाणार. मग बसा पुन्हा टँकरच्या मागं घागरी घेऊन पळत!”

“होईल की ठराव.”

“होणारच. तशी सोय केलीय मी.”

सोय मोठी नामी होती. पहिली सभा त्यानं मुद्दाम बाजाराच्या दिवशी लावली. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं. माणसं भरली नाहीत, सभा तहकूब झाली. आणि तहकूब सभेची गंमत अशी, की दुसऱ्या खेपेला माणसं किती का असेनात, ठराव मंजूर होतो. उद्या सर्जेरावाची घरचीच चार डोकी हात वर करणार, की झालं काम! कायद्यात बसवून केलेलं, कुठं बोट ठेवायला जागा नाही. असल्या बाबतीत आपल्या सरपंचांची अक्कल काय चालते म्हणता!

“अडवणार कोण होतं?” बुवांनी विचारलं.

“ओढ्यापलीकडची वस्ती. पाइप तिथवर पोचत नाही बुवा. निधीच तेवढा नाही, त्याला मी काय करू? पुढच्या टप्प्यात घेऊ म्हणतात साहेब लोक. पण पाणीपट्टी वाढणार ती सगळ्यांचीच. वस्तीला कळलं तर सभा उधळून लावतील.”

“कळवलंस त्यांना?”

“नोटीस लावलीय ऑफिसात. नियमाप्रमाणं.”

“ओढ्यापलीकडं?”

सर्जेराव नखं खात बसला…

मग एकदम पुढं सरकला. “बुवा, एक मागतो. उद्या तुम्ही सभेला येऊन बसा. बोलू नका काही, नुसते बसा. तुम्ही दिसलात की कुणाची तोंड उघडायची छाती होणार नाही. मला झोप लागेना झालीय हो. डोळा लागला की वाटतं, आलीच वस्ती दारात.”

बुवांनी तव्यावरची भाकरी उलटली. दोनच भाकरी झाल्या होत्या.

“जेवू आधी,” ते म्हणाले. “हाक मारतो, मग बसू.”

मठाची रीतच होती तशी. जेवणाआधी पायरीवर उभं राहायचं आणि कोणी उपाशी आहे का, म्हणून मोठ्यानं हाक द्यायची. बुवांचा आवाज असा खणखणीत, की ओढ्यापलीकडं ऐकू जायचा. एखादा वाटसरू कधीमधी यायचा. बाकी कोणी येत नसे, पण हाक चुकत नसे.

बुवा उठले. पायरीकडं गेले नाहीत. भिंतीकडं तोंड केलं आणि पुटपुटले, “कोणी उपाशी आहे का…”

मग क्षणभर थांबले, आणि ताटापाशी येऊन बसले. “नाही आलं कुणी. सगळे जेवलेत म्हणायचे. घे, वाढून घे.”

सर्जेरावाला हसू फुटलं. “अहो बुवा, असं भिंतीशी बोलल्यावर कोण येणार?”

“हाक मारली ना? रीतीप्रमाणं मारली.”

सर्जेरावाचं हसू जिथल्या तिथं विरलं. कान तापले. भयंकर राग आला त्याला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

“टोमणे मारू नका बुवा! तुमचं काय जातंय? उद्या नळ आला नाही तर बायाबापड्या माझ्या नावानं बोटं मोडतील, तुमच्या नाही. दोन भाकरीत गाव जेवत नसतं!”

“खरंय.”

“मग?”

“मग आता तू मार हाक.”

“मी?”

“मी म्हातारा झालो. आवाज पोचत नाही.”

सर्जेराव तरातरा पायरीवर गेला. ओढ्यापलीकडं वस्तीची छपरं उन्हात दिसत होती. एक बाई दारापुढं शेणी थापत होती. त्यानं तोंड उघडलं…

आवाज निघेना.

प्रचाराच्या सभा गाजवलेला गडी, माईक नसला तरी चालायचं त्याला. आणि आता नुसता छपरांकडं बघत उभा. कोणी येणार नाही याची त्याला भीती नव्हती. कोणी आलंच तर, याची होती.

बुवा आत भाकरीवर मीठ-तेल घालत होते. त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हते.

“कोणी… कोणी उपाशी आहे का होऽऽ!”

हाक एकदाची गेली. ओढ्यावरून पलीकडं गेली. शेणी थापणारी बाई उभी राहिली, कपाळावर आडवा हात धरून मठाकडं बघू लागली. आवाज बुवांचा नाही, हे तिनं ओळखलं असणार. सरपंचानं वस्तीला हाक मारल्याचं तिथं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिनं मागं वळून कुणाला तरी बोलावलं. छपराखालून एक म्हातारा बाहेर आला. शेजारच्या घरातून आणखी दोघं आली. सगळी ओढ्याची उतरण उतरू लागली.

सर्जेराव धडपडत आत आला. चेहरा पांढराफटक.

“बुवा, यायला लागली.”

“येऊ देत.”

“एकटी बाई नाही हो… मागनं माणसं येतायत. आल्यावर उद्याच्या सभेचं विचारतील. मी काय सांगू त्यांना? आणि भाकरी तर दोनच!”

बुवांनी ताट उचलून मधोमध ठेवलं.

“बुवा, सांगा ना… काय करू मी?”

“आधी सरकून बस.”