बरणीखालचा आलेख

"…मग मी यायचं बंद करू का, बुवा?"

विचारता विचारता दिगंबरराव खेडीकरांनी मांडीवरचा पिवळा लिफाफा पुढे सरकवला. आत त्यांच्या मेंदूतल्या लहरींचा आलेख होता.

दिगंबरराव निवृत्त मुख्याध्यापक. दहावीच्या तीस वर्षांच्या तुकड्यांची हजेरी तोंडपाठ, आणि कोणी मागितली नाही तरी ती म्हणून दाखवत. गेल्या महिन्यात बुवांच्या मठात निरूपण करताना ते मध्येच अडले. मुलीने हट्टाने दवाखान्यात नेऊन डोक्याला तारा लावून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, लहरी थोड्या मंद आहेत. विसरण्याच्या आजाराची ही कधी पहिली खूण असते, कधी नसतेही. वर्षाने पुन्हा पाहू.

यातलं 'नसतेही' तेवढं दिगंबरराव लगेच विसरले.

"सगळं विसरल्यावर माझ्यात उरणार काय? लोक हसायच्या आत निघावं म्हणतो."

रंगनाथबुवांनी आलेख उलटा धरून बराच वेळ पाहिला. ऐंशी ओलांडलेलं वय. गुडघ्यावर हात टेकत उठले. फडताळ उघडून लोणच्याची बरणी उचलली आणि तिच्याखालचा कागद काढून समोर ठेवला.

कागद तेलकट झाला होता, पण रेघा तशाच. वर बुवांचं नाव. खाली शेरा, लहरी मंद. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

दिगंबरराव मठात येऊ लागले त्याला आठ वर्षं झाली होती…

त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बुवा दर गुरुवारी नावाड्याची एकच गोष्ट सांगत आणि शिष्य डोलत. पहिल्यांदा ती कानासाठी, मग मनासाठी, मग आत्म्यासाठी, असं दिगंबररावांनीच सर्वांना समजावलं होतं. 'पुनरुक्तीचं रहस्य' अशी चाळीस पानी पुस्तिकाही काढली होती. तिची दुसरी आवृत्ती निघाली होती.

"बुवा… ती नावाड्याची गोष्ट…"

"तुम्हालाही ठाऊक आहे?" बुवा खूश झाले.

"तुम्हीच सांगता. दर गुरुवारी. आठ वर्षं."

"असं?… आणि तुम्ही येत राहिलात?"

"हो."

"कशाला?"

दिगंबररावांनी मनातल्या मनात पुस्तिका चाळली. तिच्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. उत्तर सुचत नव्हतं, आणि महिनाभरात पहिल्यांदाच न सुचण्याची त्यांना भीती वाटली नाही. उलट हसू यायला लागलं. मुख्याध्यापकाला न शोभेल इतकं.

बुवांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले, त्यावर बरणी ठेवली आणि फडताळ लावलं. मग सावकाश खाली बसून शेजारची सतरंजी थोपटली.

"बसा. आज तुम्हाला एक नवी गोष्ट सांगतो. एक होता नावाडी…"